डीएनए अहवालातल्या तक्त्यातले आकडे नेमके काय सांगतात?

ज्युनिअर_वकील

सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टसोबत येणारा डीएनएचा तक्ता नीट वाचता यावा म्हणून हा धागा. डाव्या रकान्यात डी३एस१३५८, टीएच०१, एफजीए अशी नावं असतात. पुढे प्रत्येक नमुन्यासमोर दोन-दोन आकडे: १५, १७, ६, ९.३, २२, २५. आणि शेवटी एका ओळीत निष्कर्ष, की शर्टावरच्या रक्ताचं आणि आरोपीच्या रक्ताचं प्रोफाइल एकच आहे. मधलं सगळं गायब.

हे आकडे कशाचे? ९.३ मधला दशांश कुठून आला? वीसेक जागा पाहून माणूस तोच आहे असं कशाच्या जोरावर म्हणतात? पितृत्वाच्या अहवालात ९९.९९९९ टक्के लिहितात, मग शंभर का नाही? आणि मुख्य म्हणजे असा अहवाल चुकतो कुठे? पेपरात येते तेवढी माहिती आहे, तीच परत नको. प्रयोगशाळेत आणि कोर्टात प्रत्यक्ष काय होतं ते माहीत असणाऱ्यांनी लिहावं.

कॅपिलरी

तक्त्यातला प्रत्येक आकडा ही एक मोजणी आहे. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात, त्या सगळ्या वाचत कोणी बसत नाही. काही ठरावीक जागी चार अक्षरांचा तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो हे माणसागणिक बदलतं. एवढंच मोजायचं. टीएच०१ ही जागा ११ व्या गुणसूत्रावर आहे, तिथला तुकडा ‘एएटीजी’. तो सहा वेळा असला की ६. ९.३ म्हणजे नऊ पूर्ण तुकडे आणि एका अर्धवट तुकड्याची तीन अक्षरं. तो अपूर्णांक नव्हे. ९.३ आणि १० यांत एकाच अक्षराचा फरक असतो आणि यंत्राला तो पकडता आलाच पाहिजे. आकडे दोन असतात कारण एक आईकडून येतो, एक वडिलांकडून. दोन्ही सारखे असतील तर १५, १५ किंवा नुसतं १५ लिहितात.

या जागांना एसटीआर म्हणतात. अमेरिकेच्या कोडिस (गुन्हे तपासासाठीच्या डीएनए साठ्याच्या) यादीत आधी १३ होत्या, २०१७ पासून २० आहेत, आणि आपल्याकडे वापरतात ती किटंही बहुतांश याच जागांभोवती बांधलेली आहेत. त्यांवरून चेहरा, रंग कळत नाही. लिंग कळतं ते वेगळ्या अमेलोजेनिन नावाच्या जागेमुळे, तिथे एक्सवरचा तुकडा वायवरच्यापेक्षा सहा अक्षरांनी आखूड असतो. मात्र काही भारतीय पुरुषांत वायवरचा हा भाग गळालेला आढळतो. त्यांचा नमुना या एका जागेवर ‘स्त्री’ दिसतो, म्हणून नव्या किटांत वायवरची आणखी एखादी खूण घालतात.

आता नमुना आल्यावर काय होतं. कपड्यावरचा डाग कापून डिटर्जंट आणि प्रोटिनेज-के या विकराच्या द्रावणात ५६ अंशांवर काही तास किंवा रात्रभर ठेवतात, पेशी फुटतात, प्रथिनं विरघळतात. बलात्काराच्या केसमधला स्वॅब असेल तर हे दोन टप्प्यांत होतं. आधी सौम्य द्रावणाने स्त्रीच्या पेशी फोडून ते पाणी वेगळं काढतात. शुक्राणूंची डोकी गंधकाच्या बंधांनी आवळलेली असतात, ती या टप्प्यात फुटत नाहीत. त्यांच्यासाठी नंतर हे बंध तोडणारं डीटीटी घालावं लागतं. हे वेगळं करणं कधीच शंभर टक्के होत नाही, त्यामुळे ‘पुरुष भागात’ पीडितेची हलकी छटा दिसली तर ती लगेच गडबड मानू नका. यानंतर फिनॉल-क्लोरोफॉर्मने किंवा चुंबकी सिलिका मण्यांनी डीएनए शुद्ध करतात.

मग किती मिळाला ते मोजायचं. एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे दीडशे पेशींत सुमारे १ नॅनोग्रॅम. किटला ०.५ ते १ नॅनोग्रॅम पुरतो. जास्त घातला तर एका रंगाचं शिखर शेजारच्या रंगात उमटतं, फार कमी पडला तर दोनपैकी एक आकडा गायब होतो. त्यानंतर पीसीआर, म्हणजे त्या जागांच्या भरपूर नकला काढणं: ९५ अंशांच्या आसपास धागे सुटे करायचे, ६० च्या आसपास प्रायमर (नक्कल जिथून सुरू होते ते छोटे तुकडे) चिकटवायचे, असे २८ ते ३० फेरे. शेवटी हे तुकडे ३६ सेंटिमीटरच्या केसासारख्या बारीक नळीतून सुमारे १५,००० व्होल्टवर पळवतात. आखूड तुकडा आधी पोचतो, लेसर त्याचा रंग टिपतो, आणि सोबत चालवलेल्या ज्ञात तुकड्यांच्या ‘शिडी’शी ताडून संगणक त्याला आकडा देतो.

१९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी जी पद्धत शोधली ती वेगळी होती. किरणोत्सारी प्रोबने (ठरावीक जागी चिकटणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने) फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटायच्या, बराच ताजा डीएनए लागायचा आणि काम दिवसचे दिवस चालायचं. तिथल्याच दोन खुनांच्या तपासात या पद्धतीने पहिल्यांदा एक निर्दोष तरुण सुटला. त्याने एका खुनाची कबुलीही दिलेली होती! खरा गुन्हेगार १९८८ मध्ये दोषी ठरला. भारतात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी मण्यार सापाच्या डीएनएवरून बनवलेला प्रोब वापरून हे काम उभं केलं. पट्ट्यांची फोटोफिल्म पाठ्यपुस्तकात अजून छापतात, पण आज कोर्टात येतो तो एसटीआरचा आलेख.

आणि तो आलेखच मागा. त्याला इलेक्ट्रोफेरोग्राम म्हणतात. तक्ता हे त्या आलेखाचं कुणीतरी केलेलं वाचन आहे; वाद असतो तो आलेखात, तक्त्यात तो पुसला जातो.

ज्युनिअर_वकील

आलेख मिळाला तर त्यात पाहायचं काय? नुसती शिखरं दिसतात.

कॅपिलरी

आधी उंची पाहा. उंची आरएफयूमध्ये (लेसरने दिसणाऱ्या रंगाच्या तीव्रतेच्या एककात) असते. प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःच्या यंत्रावर चाचण्या करून एक उंबरठा ठरवलेला असतो, बऱ्याच ठिकाणी तो ५० च्या आसपास असतो. त्याखालचं शिखर धरत नाहीत. याहून वर दुसरा उंबरठा असतो: एकटं दिसणारं शिखर त्याच्याखाली असेल तर त्याचा जोडीदार गळालेला असू शकतो, तिथे ‘१५, १५’ लिहायचा हक्क नाही. तुमच्या केसमध्ये दोन्ही उंबरठे काय होते ते विचारा. उत्तर लगेच मिळायला हवं.

खऱ्या शिखराच्या बरोबर एक तुकडा आधी छोटं शिखर दिसतं, ते स्टटर. पीसीआरमध्ये विकर घसरल्याने एक तुकडा कमी नकलला जातो. मूळ शिखराच्या साधारण १५ टक्क्यांपर्यंत ते नेहमीचं आहे. एकाच माणसाचा नमुना असेल तर एका जागेवरच्या दोन शिखरांची उंची जवळपास सारखी असते. ठेंगणं शिखर उंच शिखराच्या ६०-७० टक्क्यांखाली गेलं की डोळे उघडायचे. दोन-तीन जागांवर तीन किंवा चार शिखरं दिसली तर मिश्रण आहे, किमान दोन माणसं. मिश्रणात कमी वाट्याच्या माणसाची शिखरं आणि स्टटर एकाच उंचीवर येतात आणि तिथे आरोपीचा तक्ता शेजारी ठेवून ‘जुळणारे’ आकडे उचलायचा मोह होतो. योग्य क्रम उलटा आहे: घटनास्थळाचं प्रोफाइल आधी लिहून ठेवायचं, मगच आरोपीचं पाहायचं. परदेशात मिश्रणासाठी एसटीआरमिक्स, ट्रूअॅलील अशी सॉफ्टवेअरं वापरतात, ती प्रत्येक शक्यतेला वजन देतात. हाताने केलेल्या मिश्रणाच्या वाचनात ‘जुळतं’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही.

जुना, कुजलेला नमुना असेल तर आलेख डावीकडून उजवीकडे उतरत जातो. आखूड तुकडे टिकतात, ३००-४०० अक्षरांचे आधी मोडतात. रक्तातलं हिमॅटिन, मातीतलं ह्युमिक आम्ल, जीन्सचा निळा रंग हे पीसीआर अडवतात, तेव्हाही असंच चित्र दिसतं. नमुना सौम्य करून पुन्हा चालवला तर कधीकधी सुटतं.

बरोबर चालवलेली कोरी नळी, ज्यात डीएनए घातलेलाच नाही, तिचा आलेखही मागून घ्या. ती कोरीच दिसली पाहिजे.

न्यायवैद्यक_टेबल

प्रयोगशाळेत जे होतं त्याच्या कितीतरी आधी नमुना बिघडलेला असतो. माझ्या मते निम्म्या भानगडी इथल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

रक्त ईडीटीए बल्बमध्ये, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या. हेपॅरिनच्या बल्बमध्ये घेतलं तर हेपॅरिन पीसीआरला अडवतं. दोन-तीन मिली पुष्कळ, थंड ठेवून पाठवायचं, गोठवून पुन्हा वितळवायचं नाही. एफटीए कार्डावर (डीएनए टिकवणाऱ्या खास कागदावर) थेंब घेऊन वाळवला तर शीतपेटीही लागत नाही.

ओलं काहीही प्लॅस्टिकमध्ये बंद करायचं नाही. कपडा, स्वॅब, गादीचा तुकडा सावलीत, खोलीच्या तापमानाला, पंख्याचा थेट झोत न लावता वाळवायचा आणि कागदी पाकिटात भरायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस राहिलेल्या ओल्या कपड्यावर बुरशी धरते आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. प्रत्येक वस्तूचं पाकीट वेगळं. आरोपीचे आणि पीडितेचे कपडे एका गाठोड्यात आले की त्यानंतरच्या कुठल्याही जुळणीला किंमत राहत नाही. हातमोजे दर नमुन्याला बदलायचे. तोंडावर मास्क हवाच, कारण बोलताना उडालेल्या थुंकीतून डॉक्टरचंच प्रोफाइल निघतं.

फॉर्मलिन हा डीएनएचा शत्रू. शवविच्छेदनात हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी) फॉर्मलिनची बरणी शेजारीच असते आणि डीएनएचा तुकडाही त्यात टाकला जातो. स्नायूचा तुकडा संपृक्त मिठाच्या पाण्यात किंवा काहीच न घालता थंड ठेवला तर चालतो. कुजलेल्या प्रेतात मांडीच्या हाडाचा मधला दंड किंवा न किडलेली दाढ घ्यावी. तिथे इनॅमलने आणि घट्ट हाडाने पेशी राखलेल्या असतात. हाडाची भुकटी करून ईडीटीएने कॅल्शियम काढावं लागतं, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो. २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातात बहुतेक मृतांची ओळख नातेवाइकांच्या नमुन्यांशी ताडूनच पटवावी लागली. अशा कामात आई, वडील, मुलं यांचे नमुने उत्तम, भावंडांचे दुय्यम. पुतण्या-भाचे असले तर नेहमीच्या एसटीआरवर भागत नाही, वाय गुणसूत्र किंवा मायटोकॉन्ड्रिया बघावा लागतो. वाय बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो, म्हणून आरोपी, त्याचा भाऊ, काका, चुलतभाऊ सगळ्यांचा बहुधा एकच निघतो. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतो आणि मूळ नसलेल्या केसातूनही मिळतो. दोन्ही घराण्याची रेघ सांगतात, माणूस सांगत नाहीत.

बोनमॅरो प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचं प्रोफाइल असतं, गालाच्या स्वॅबमध्ये दोघांचं मिश्रण येऊ शकतं. ओळखपत्राच्या फॉर्मवर हा प्रश्न असतो, तो कोरा सोडू नका. फोटो, अंगठ्याचा ठसा, साक्षीदारांच्या सह्या हे सगळं त्याच फॉर्मवर. रक्त कोणाचं होतं असा वाद निघाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे, हेही ध्यानात ठेवा. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये चाळीसेक गुन्ह्यांत एकाच अज्ञात बाईचा डीएनए सापडत होता. २००९ मध्ये उलगडलं की तो स्वॅब बनवणाऱ्या कारखान्यातल्या बाईचा होता. कापूस निर्जंतुक केला होता, पण त्याने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो.

पी_क्यू

टक्केवारीबद्दल. समजा एका जागी डागाचे आकडे १५, १७ आहेत. लोकसंख्येत १५ चं प्रमाण ०.१ आणि १७ चं ०.२ धरा (सोयीचे आकडे घेतोय). अनोळखी माणसात हीच जोडी असण्याची शक्यता २ × ०.१ × ०.२ = ०.०४, म्हणजे २५ त एक. जागा बहुतांश वेगवेगळ्या गुणसूत्रांवर किंवा एकाच गुणसूत्रावर दूरदूर असल्याने गुणाकार करता येतो. अशा दहा जागा झाल्या की २५ चा दहावा घात, सुमारे ९५ लाख कोटींत एक. वीस जागांचं तुम्हीच काढा. ‘एवढ्याशा जागा’ पुरतात त्या या गुणाकारामुळे.

पण हा गुणाकार अनोळखी माणसाबद्दल आहे. आपल्याकडे लग्नं जातीत होतात, काही समाजांत मामाच्या मुलीशी होतात, त्यामुळे एकाच समाजातल्या दोन माणसांत सामाईक आकडे थोडे जास्त असतात. त्यासाठी थीटा नावाची दुरुस्ती घालतात, साधारण ०.०१, लहान बंदिस्त समाजांसाठी ०.०३. संशयित दोन सख्खे भाऊ असतील तर वरचा अवाढव्य आकडा लागूच होत नाही, तिथे वेगळं गणित करावं लागतं. एकसारख्या जुळ्यांत एसटीआरने फरक करताच येत नाही.

वकिलांनी एक वाक्य घोटून पाठ करावं: ‘निर्दोष माणसाशी योगायोगाने जुळण्याची शक्यता कोटीत एक’ आणि ‘हा माणूस निर्दोष असण्याची शक्यता कोटीत एक’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रयोगशाळा सांगू शकते. दुसरी सांगायला इतर पुरावा लागतो, आणि ते काम न्यायाधीशांचं.

पितृत्वाचं उदाहरण. टीएच०१ वर मूल ६, ९.३, आई ६, ७. म्हणजे ९.३ बापाकडून. कथित बाप ८, ९.३. त्याने ९.३ देण्याची शक्यता निम्मी. कुठल्याही पुरुषाकडून ९.३ येण्याची, समजा, ०.२५. भागाकार २. एफजीएवर बापाकडून आलेला २५, प्रमाण ०.१, आणि कथित बाप २५, २५: तो २५ देणारच, १ भागिले ०.१ म्हणजे १०. डी१८एस५१ वर बापाकडचा १७, प्रमाण ०.०८, कथित बाप १४, १७: ०.५ भागिले ०.०८ म्हणजे ६.२५. गुणाकार १२५. याची टक्केवारी काढताना आधीची शक्यता निम्मी-निम्मी धरतात: १२५ ÷ १२६, म्हणजे ९९.२ टक्के. तीनच जागा पाहून! म्हणून नुसत्या ‘९९ टक्के’ या आकड्यावर हुरळू नये. वीस जागांच्या अहवालात गुणाकार लाखोंत, कोटींत जातो. शंभर कधीच येत नाही, कारण कितीही मोठी संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागली तर एकच्या आतच राहते.

एखादी जागा जुळली नाही म्हणून बाप नाही असंही होत नाही. दर पिढीत दर जागी हजारात एक-दोन वेळा तुकडा वाढतो किंवा घटतो, १५ चा १६ होतो. म्हणून साधारण तीन किंवा जास्त जागा फुटल्या तरच ‘बाप नाही’ म्हणतात. उलट खरा बाप कथित बापाचा भाऊ असेल तर प्रत्येक जागी तो आकडा दोघांकडे असण्याची शक्यता किमान निम्मी असते. कमी जागांचं किट असेल तर हा धोका खरा आहे.

बियाणेवाला

थोडं विषयाबाहेर, पण वापर विचारलाय म्हणून. जालन्याकडच्या संकरित बियाण्याच्या धंद्यात शुद्धता तपासायची जुनी रीत म्हणजे बी पेरून झाडं वाढवून पाहायची, त्यात हंगाम जातो. अशाच पुनरावृत्तीच्या खुणा रोपाच्या पानातून तपासल्या तर काही दिवसांत कळतं. संकरित रोपात नर आणि मादी दोन्ही वाणांचे तुकडे दिसतात. स्वपरागणाने झालेल्या रोपात फक्त मादी वाणाचा. दोन वाण ज्या जागी वेगळे दिसतात ती जागा आधी शोधून ठेवावी लागते, नाहीतर चाचणी निरुपयोगी.

फेरतपासणी

कायद्याचं थोडक्यात. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावता पुराव्यात येतो (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम २९३, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ३२९), पण न्यायालय त्याला बोलावू शकतं. आलेख, उंबरठे, कोऱ्या नळीचा निकाल हवा असेल तर तसा अर्ज वेळेत द्या, युक्तिवादाच्या दिवशी उशीर झालेला असतो.

दिल्लीच्या छावला सामूहिक बलात्कार-खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपींना सोडलं. नमुने कित्येक दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, आणि अहवालाचा पाया काय, तंत्र विश्वासार्ह रीतीने वापरलं का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयानेच सूचना दिल्या: नमुना घेतानाची नोंद सह्यांसह, तपासी अंमलदाराने तो ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही, आणि ताब्याची नोंदवही अखेरपर्यंत ठेवायची. तेव्हा सीलचा नमुना, मुद्देमाल रजिस्टरमधली तारीख, नेणाऱ्या शिपायाचा जबाब आणि प्रयोगशाळेची पोच या चार कागदांवरच्या तारखा शेजारी ठेवून पाहा.

पितृत्वाला वेगळी चौकट. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, ही धारणा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ ची, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ११६. नंदलाल बडवाईक खटल्यात नागपूरच्या आणि मग हैदराबादच्या प्रयोगशाळेनेही नवरा बाप नसल्याचं सांगितलं, तेव्हा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धारणेपेक्षा चाचणीला वजन दिलं. त्याचा अर्थ मागेल त्याला चाचणी असा नाही. २०२३ च्या अपर्णा फिरोदिया निकालात बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाचा डीएनए तपासायला नकार मिळाला, कारण वाद मुलाच्या पितृत्वाचा नव्हताच. दिवाणी दाव्यात कुणाला बळजबरीने सुई टोचता येत नाही, नकारावरून प्रतिकूल अनुमान काढता येतं. बलात्काराच्या आरोपीचं तसं नाही, बीएनएसएसच्या कलम ५२ खाली डॉक्टर डीएनएसाठी नमुना घेऊ शकतात आणि त्यासाठी वाजवी बळही वापरता येतं.

डीएनएच्या साठ्याबद्दल स्वतंत्र कायदा अजून नाही, २०१९ चं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं.

ज्युनिअर_वकील

आभार. एक उरलं: शर्टावरचं रक्त आरोपीचंच निघालं आणि शर्टही आरोपीचाच, तर त्याने काय सिद्ध झालं?

फेरतपासणी

त्याला स्वतःला जखम झाली होती, एवढंच. त्याच्या शर्टावर मृताचं किंवा मृताच्या नखांखाली त्याचं निघालं तर बोलू. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात नमुना कुठून उचलला ते लिहिलेलं असतं, ते पंचनाम्यातल्या वर्णनाशी जुळतं का ते आधी बघा.